श्टुटगार्टला बिऱ्हाड थाटताना: आधी पत्रपेटीवर नाव, मग बाकी सगळं

आम्ही २०१९ च्या सप्टेंबरात पुण्याहून जर्मनीत श्टुटगार्टला आलो. ऑक्टोबरचा पगार जमा झाला त्या संध्याकाळी नवऱ्याने मोबाइल माझ्यापुढे सरकवला आणि म्हणाला, "बघ गं, मला वाचता येत नाहीये की खरंच एवढेच आलेत?" जवळजवळ निम्मी रक्कम कापली गेली होती. पगार विभागाने शांतपणे सांगितलं की तुमचा कर क्रमांक आमच्याकडे नाही, म्हणून सर्वांत जास्त कापणारा सहावा करवर्ग लावलाय. कर क्रमांक पोस्टाने येतो. आमचाही आला होता, आणि आल्या पावली परत गेला होता. खालच्या पत्रपेटीवर आधीच्या भाडेकरूचं नाव तसंच होतं.

इथल्या पत्त्यात फ्लॅट नंबर नसतो. रस्ता, इमारतीचा क्रमांक, पिनकोड, गाव, संपलं. पोस्टमन आठ पेट्यांसमोर उभा राहून नावं वाचतो. तुमचं नाव दिसलं नाही तर त्याच्या लेखी तुम्ही तिथे राहतच नाही. "वॉचमनकाका, आमचं काही आलंय का?" विचारायला कोणी नसतं. म्हणून चावी हातात आली की सामान वर न्यायच्या आधी कागदावर आडनाव लिहून पेटीवर आणि दाराच्या बेलवर चिकटवा. नवरा-बायकोची आडनावं वेगळी असतील तर दोन्ही लिहा.

पुणे-चाकणहून या भागात येणारे बरेच आहेत. गाड्यांचे आणि सुट्या भागांचे मोठे कारखाने इथे, त्यांच्या शाखा तिकडे. मुंबई आणि श्टुटगार्ट तर १९६८ पासून भगिनी शहरं आहेत. तरी प्रत्येक नवं कुटुंब त्याच दगडाला ठेचकाळतं. इथे एका कागदातून दुसरा कागद निघतो, आणि क्रम चुकला की पुढचं सगळं अडून बसतं. तो क्रम सांगायचा हा प्रयत्न. नोकरीवर, कुटुंबासह येणाऱ्यांसाठी लिहितेय. विद्यार्थ्यांचं गणित थोडं वेगळं असतं.

निघण्याआधी, पुण्यातच

भारतातला मोबाइल नंबर बंद करू नका. बँकेचे आणि आधारचे ओटीपी त्याच्यावरच येतात. रोमिंग तिथूनच सुरू करून, एसएमएस येतोय याची खात्री करून निघा. इथे पोचल्यावर ते सुरू करायला पुन्हा ओटीपीच लागतो, आणि मग सासऱ्यांना गॅलरीत उभं करून कस्टमर केअरशी बोलायला लावावं लागतं. आपण अनिवासी झाल्यावर बचत खातं एनआरओ (अनिवासी भारतीयांचं भारतातलं खातं) करून घ्यायचं असतं, त्याचे फॉर्मही जाण्याआधी बँकेतून आणून ठेवा.

जन्मदाखले, विवाह प्रमाणपत्र, पदव्या, अनुभवपत्रं यांच्या मूळ प्रती हातातल्या बॅगेत घ्या. महापालिकेचा दाखला फक्त मराठीत असेल तर इंग्रजी मजकूर असलेला काढून घ्या. पासपोर्टवरची नावं एकदा नीट बघा. आपल्याकडे वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव मधे असतं आणि पासपोर्टात ते 'गिव्हन नेम'च्या रकान्यात जातं. जर्मन कार्यालयाला ते तुमचंच दुसरं नाव वाटतं. माझ्या विमा कार्डावर माझ्या नावापुढे नवऱ्याचं नाव आहे, आणि दवाखान्यात मला कधी कधी त्याच्याच नावाने हाक मारतात. ते बदलायला जाऊ नका. सगळीकडे पासपोर्टप्रमाणे एकसारखं राहू द्या, नाहीतर दोन कागदांवरची माणसं एकच आहेत हे सिद्ध करत बसावं लागेल.

सामानात प्रेशर कुकर हवाच, पण सपाट आणि इंडक्शनला चालणाऱ्या बुडाचा. साधा ॲल्युमिनियमचा कुकर इंडक्शनवर गरमच होत नाही. मिक्सर आणा, विजेचा दाब इथेही २३० व्होल्ट आहे; फक्त पिनेसाठी ॲडॅप्टर लागतो. पासपोर्ट फोटोंचा गठ्ठा मात्र आणू नका. मे २०२५ पासून सरकारी कार्डांसाठी फोटो डिजिटलच लागतो. तो इथल्या मान्यताप्राप्त स्टुडिओत किंवा काही ड्रगस्टोअरमध्ये काढतात आणि तुमच्या हातात एक कोड देतात.

घर: सगळ्यात जास्त दम इथेच लागतो

पहिले दोन-तीन महिने फर्निचरसह तात्पुरतं घर घ्या. कंपनी देत असेल तर उत्तमच. ते ठरवताना मालकाला एकच प्रश्न विचारा: तुम्ही 'वोनुंग्सगेबरबेश्टेटिगुंग' द्याल का? हा राक्षसी शब्द म्हणजे 'हे माझ्या घरात राहायला आले आहेत' असं मालकाने सही करून दिलेलं पत्र. ते नसेल तर नोंदणी नाही. सुट्टीसाठी मिळणाऱ्या भाड्याच्या घरांचे मालक ते बहुधा देत नाहीत, आणि मग राहायला छप्पर असूनही तुम्ही कागदावर बेघर.

कायमचं घर शोधताना जाहिरातीची भाषा आधी समजून घ्या. खोल्या मोजताना स्वयंपाकघर आणि बाथरूम धरत नाहीत. 'तीन झिमर' म्हणजे आपला टू बीएचके. 'काल्टमीटे' म्हणजे नुसतं भाडं, 'वार्ममीटे' म्हणजे त्यात हीटिंग, पाणी, जिन्याची वीज वगैरे धरून. घरगुती वीज आणि इंटरनेट बहुतेक वेळा त्यातही नसतं. अनामत जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या काल्टमीटेइतकी घेता येते आणि कायद्याने ती तीन हप्त्यांत द्यायची मुभा आहे. 'ईबीके' अशी तीन अक्षरं दिसली तर स्वयंपाकघर बसवलेलं आहे. ती नसतील तर भिंतीतून बाहेर आलेले दोन पाइप आणि एक वायर एवढंच तुमचं स्वयंपाकघर. छताला दिवेसुद्धा नसतात, नुसत्या तारा लोंबत असतात. आम्ही पहिल्या रात्री मोबाइलच्या उजेडात खिचडी खाल्ली.

अर्जाबरोबर पगारपत्रकं आणि 'शूफा' नावाचा पतअहवाल मागतात. नव्याने आलेल्याकडे दोन्ही नसतं. त्याऐवजी नोकरीचा करार, कंपनीचं पत्र, व्हिसाची प्रत आणि कुटुंबाची ओळख करून देणारं अर्ध्या पानाचं जर्मन पत्र यांची एकच पीडीएफ करून ठेवा. कोण, काय करतो, किती माणसं, धूम्रपान नाही, पाळीव प्राणी नाही. जाहिरात आल्याच्या पहिल्या तासात ती गेली पाहिजे. शहराचा मोह थोडा आवरा. फायहिंगेन, फॉयरबाख, बाड कानश्टाट ठीकच, पण एस-बान (उपनगरी रेल्वे) जिथे जिथे जाते ते बोब्लिंगेन, लुडविग्सबुर्ग, एसलिंगेनही बघा. आणि घर न बघता एक युरोही पाठवू नका. 'मी सध्या परदेशात आहे, चावी कुरिअरने पाठवतो' असं म्हणणारा मालक हा मालक नसतो.

चावी घेताना 'युबरगाबेप्रोटोकोल' भरतात: कुठे ओरखडा, कुठली फरशी तडकलेली, मीटरचा आकडा किती. भिडेखातर घाईत सही करू नका. प्रत्येक भिंतीचा फोटो काढा. हे फोटो घर सोडताना अनामत वाचवतात.

नोंदणी आणि त्यामागून येणारी कागदांची आगगाडी

राहायला आल्यापासून दोन आठवड्यांत 'आनमेल्डुंग', म्हणजे पत्त्याची नोंदणी, करायची. ती ब्युर्गरब्यूरोत, म्हणजे नागरिक कार्यालयात, होते. त्याच्या शाखा शहरभर आहेत. जवळच्या शाखेत वेळ मिळत नसेल तर दुसऱ्या भागातली बघा, आणि सकाळी कार्यालय उघडताना वेबसाइट उघडा, रद्द झालेल्या वेळा तेव्हा दिसतात. पासपोर्ट, मालकाचं पत्र, विवाह आणि जन्माचे दाखले न्या. फॉर्मवर धर्माचा रकाना असतो. इथे ठरावीक ख्रिस्ती पंथांची नोंद झाली की चर्च-कर लागतो. या राज्यात तो आयकराच्या ८ टक्के आहे. तो लागू नसणाऱ्यांनी 'नाही' लिहायचं. धर्म विचारतात म्हणून दचकू नका, तो हिशेबाचा प्रश्न आहे.

नोंदणीनंतर काही आठवड्यांत ११ अंकी कर क्रमांक पोस्टाने येतो. (पत्रपेटीवर नाव लावलंत ना?) तो हरवला किंवा परत गेला तर पुन्हा मागवता येतो, फक्त वाट बघावी लागते. जास्त कापलेला कर बुडत नाही. आमचा क्रमांक पोचल्यावर फरक पगारातून परत मिळाला.

त्याच नोंदणीचा माग काढत आणखी एक पत्र येतं: 'रुंडफुंकबाइट्राग', सार्वजनिक रेडिओ-टीव्हीची वर्गणी. दरघरटी महिना १८.३६ युरो. घरात टीव्ही नसला तरी द्यायची. पुष्कळ जण जाहिरात समजून ते पत्र फेकतात आणि मग दंडासह मागणी येते. फेकायच्या आधी प्रत्येक पत्र भाषांतराच्या ॲपखाली धरा.

बँक खातं उघडणं आता सोपं आहे, त्यावर फार लिहीत नाही. एवढंच की भाडं, वीज, विमा सगळं थेट खात्यातून कापून घेतलं जातं, म्हणून महिन्याच्या सुरुवातीला शिल्लक ठेवा. खिशात थोडी रोकडही असू द्या, बेकरीवाला कधी कधी कार्ड घेत नाही.

आरोग्यविमा सक्तीचा. सरकारी योजनेतल्या कुठल्याही 'क्रांकेनकासे'चा (विमा संस्थेचा) मूळ दर पगाराच्या १४.६ टक्के, त्यावर थोडा अधिभार, आणि अर्धा भार कंपनीचा. न कमावणारा जोडीदार आणि मुलं त्यातच मोफत येतात. तरुण, जास्त पगार असलेल्या माणसाला खासगी विमा स्वस्त दिसतो. माझं स्पष्ट मत आहे की कुटुंब असेल तर त्या वाटेला पहिल्या वर्षी तरी जाऊ नये, कारण तिथे प्रत्येक माणसाचा हप्ता वेगळा आणि परत फिरणं अवघड.

दुसरा विमा सक्तीचा नाही, पण नक्की घ्या: 'हाफ्टफ्लिश्ट', म्हणजे आपल्या हातून दुसऱ्याचं नुकसान झालं तर भरून देणारा. इमारतीची चावी हरवली तर कधी कधी सगळ्या इमारतीची कुलुपं बदलावी लागतात. चावीचं नुकसान त्यात धरलंय ना, तेवढं विचारून घ्या.

निवास परवान्याचं कार्ड व्हिसा संपायच्या आत मागायचं. कार्यालयांत गर्दी आहे, उत्तर यायला उशीर होतो. अर्ज मुदतीत केल्याचा पुरावा मात्र जपून ठेवा. कार्ड येईपर्यंत तात्पुरतं प्रमाणपत्र मिळतं. त्यावर भारतात जाऊन परत येता येईल का हे विचारल्याशिवाय दिवाळीची तिकिटं काढू नका. ब्लू कार्ड (उच्चशिक्षित नोकरदारांचा निवास परवाना) असलेल्याच्या जोडीदाराला नोकरी करायची मुभा असते आणि त्यासाठी जर्मनची परीक्षा आधी द्यावी लागत नाही, हे अनेक जणींना माहीतच नसतं.

जिना, कचरा आणि फोडणी

नोव्हेंबरातल्या एका सोमवारी आमच्या दाराच्या मुठीला एक लाकडी पाटी लटकत होती. मला वाटलं शुभेच्छा वगैरे असतील. ती होती 'केअरवोखे'ची, म्हणजे या आठवड्यात जिना पुसायची पाळी तुमची. श्वाबेन प्रांताची ही खास रीत. १४९२ च्या नगरनियमांपासून तिची मुळं सांगतात, आणि आजही ती भाडेकरारात लिहिलेली असते. छोटी पाळी म्हणजे आपल्या मजल्याचा जिना. मोठी म्हणजे तळमजला, फुटपाथ, आणि हिवाळ्यात बर्फ. कामाच्या दिवशी सकाळी ७ च्या आत फुटपाथवरचा बर्फ काढायचा. आठवडा संपला की पाटी शेजारच्या दाराला लावायची. दारात सडा-संमार्जन करणाऱ्यांच्या नाती आपण, यात कमीपणा नाही. मी पहिल्या शनिवारी खाली वाकून पायऱ्या पुसत होते तेव्हा वरच्या मजल्यावरच्या आजी थांबल्या, कठड्याच्या खालच्या कडेवरून बोट फिरवलं, बोट बघितलं आणि 'गूट' म्हणून गेल्या. त्या दिवसापासून त्या माझ्याशी बोलतात.

कचरा चार-पाच प्रकारांत वेगळा करायचा: ओला, कागद, प्लास्टिकची वेष्टनं, उरलेला, आणि काच. काच रंगाप्रमाणे रस्त्यावरच्या मोठ्या डब्यांत, पण रविवारी नाही, कारण आवाज होतो. पाण्याच्या, कोल्ड्रिंकच्या बाटल्या फेकू नका. एकदाच वापरायच्या प्लास्टिक बाटलीवर २५ सेंट अनामत असते, ती सुपरमार्केटातल्या यंत्रात परत मिळते. रात्री १० ते सकाळी ६ शांतता, रविवारी दिवसभर शांतता. रविवारी दुकानंही बंद, म्हणून शनिवारी दूध-भाजी आणलीच पाहिजे. विसरलात तर मुख्य स्टेशनातली दुकानं उघडी सापडतात.

आता फोडणी. प्रत्येक झोपायच्या खोलीत धुराचा अलार्म बसवणं इथे कायद्याने बंधनकारक आहे, आणि स्वयंपाकघराला लागून खोली असेल तर मिरचीच्या खाटाने तो बोंबलतोच. झोपायच्या खोलीचं दार लावा, खिडकी सताड उघडा, मग मोहरी टाका. जानेवारीतसुद्धा. खिडकी उघडायचं आणखी एक कारण आहे. घरं इतकी बंदिस्त असतात की भाताची वाफ आणि वाळत घातलेले कपडे यांनी भिंतींना बुरशी धरते, आणि तिचा खर्च मालक तुमच्या माथी मारू शकतो. दिवसातून दोन-तीनदा पाच-दहा मिनिटं सगळ्या खिडक्या पूर्ण उघडायच्या. याला 'श्टोसल्युफ्टेन' म्हणतात, आणि भाडेकरारात याचाही उल्लेख असतो. हसू नका.

किराण्यासाठी भारतीय दुकान महिन्यातून एकदा पुरतं. कोथिंबीर, भेंडी, हिरव्या मिरच्या, मसूर तुर्की दुकानात मिळतात आणि तिथे भाव बरा असतो. 'हिर्झे' म्हणून मिळतं ते भरडधान्य वरीच्या भातासारखं शिजतं, राजगिरा 'आमारांथ' नावाने ऑरगॅनिक दुकानात असतो. आणि 'क्वार्क'. हा चक्क्याचा जर्मन चुलतभाऊ. ४० टक्क्यांचा घ्या, रात्रभर फडक्यात टांगा, साखर-वेलची घाला. पाडव्याला माझं श्रीखंड खाऊन पुण्याहून आलेल्या आईंनी दुसऱ्यांदा वाटी पुढे केली होती.

दवाखाना, मुलं, भाषा

आजारी पडायच्या आधी 'हाउसआर्ट्स्ट', म्हणजे फॅमिली डॉक्टर, शोधून नाव नोंदवा. बरेच डॉक्टर नवे रुग्ण घेत नाहीत, आणि तापात फोन फिरवत बसणं वाईट. जिवावरचं असेल तर ११२. रात्री-रविवारी डॉक्टर हवाय पण प्रकरण तेवढं गंभीर नाही, तर ११६११७. पोलीस ११०. साधी पॅरासिटामॉलही फक्त औषधाच्या दुकानात मिळते, किराणा दुकानात नाही. आणि डॉक्टर गोळ्यांऐवजी 'चहा प्या, झोपा' सांगतील याची तयारी ठेवा.

पाळणाघराची जागा मिळवणं हे घर मिळवण्याइतकंच कठीण, म्हणून नोंदणी झाली त्याच आठवड्यात शहराच्या यादीत नाव घाला. सहा वर्षांवरच्या मुलांना शाळा सक्तीची, घरी शिकवायची परवानगी नाही. जर्मन न येणाऱ्यांसाठी शाळांत तयारी वर्ग असतात. माझा मुलगा तिथे तीन महिने एक शब्द बोलला नाही, चौथ्या महिन्यात माझे उच्चार सुधारू लागला. बालभत्ता, 'किंडरगेल्ड', मागायला विसरू नका; २०२५ मध्ये तो दर मुलामागे महिना २५५ युरो होता. अर्ज तुम्ही करायचा, आपोआप मिळत नाही.

फिरण्यासाठी 'डॉइचलांडटिकेट' घ्या. जानेवारी २०२६ पासून ते महिना ६३ युरोला आहे, देशभरातल्या लोकल गाड्या, ट्राम, बस त्यात येतात. लांब पल्ल्याच्या वेगवान गाड्या येत नाहीत. ते दरमहा आपोआप पुढे चालू राहतं. बंद करायचं तर महिन्याच्या १० तारखेपर्यंत कळवावं लागतं.

भाषेबद्दल माझा अनुभव 'ऑफिसात इंग्रजी चालतं' म्हणणाऱ्यांपेक्षा वेगळा आहे, कारण मी ऑफिसात नव्हते. घरी राहणाऱ्या माणसाला इंग्रजी पुरत नाही, आणि डिसेंबरात साडेचारला अंधार पडतो तेव्हा घर अंगावर येतं. ऑफिसात जाणाऱ्याला हे संध्याकाळपर्यंत कळतही नाही. आल्यावर पहिल्याच महिन्यात 'फोल्क्सहोखशूले', म्हणजे शहराच्या लोकशिक्षण केंद्रात, वर्ग लावा. तिथे भेटलेल्या सिरियन आणि ब्राझिलियन मैत्रिणींनीच मला बाजार, दवाखाना, बाग दाखवली. आपल्याला एक फायदा आहे: 'झी' आणि 'डू' म्हणजे अगदी आपलं 'तुम्ही' आणि 'तू'. इंग्रजीवरून येणाऱ्यांना हे शिकवावं लागतं. शेजारच्या आजींना 'झी'च म्हणा. 'डू'वर यायचं त्या ठरवतील.

मराठी माणसं भेटतातच, गणपतीत तर एखादा हॉल भरून जातो. पण पहिल्या वर्षी सगळे शनिवार-रविवार मराठी घरांत घालवू नका, असं मी माझ्या बहिणीलाही सांगितलं. (तिने ऐकलं नाही, ती गोष्ट वेगळी.) घरी फोन लावताना वेळेकडे लक्ष ठेवा. हिवाळ्यात भारत साडेचार तास पुढे, उन्हाळ्यात साडेतीन, आणि घड्याळ मार्च व ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी बदलतं. आईंचा दुपारचा फोन त्या आठवड्यात हमखास चुकतो.

सहा महिने झाल्यावर

भारतीय वाहन परवाना इथे वास्तव्य सुरू झाल्यापासून सहाच महिने चालतो. नंतर लेखी आणि प्रत्यक्ष, दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात. पुण्यात वीस वर्षं गाडी चालवलेला माझा नवरा प्रत्यक्ष परीक्षेत पहिल्यांदा नापास झाला, उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ दिलं नाही म्हणून. चौथ्या महिन्यातच ड्रायव्हिंग स्कूल गाठा.

ब्लू कार्डवर कायम निवासाचा परवाना २७ महिन्यांनी मागता येतो, जर्मन बी-१ (मध्यम) पातळीचं असेल तर २१ महिन्यांनी. म्हणजे तो लोकशिक्षण केंद्राचा वर्ग सहा महिने वाचवतो.

आणि कर विवरणपत्र भरा. वर्षाच्या मधे आलेल्यांना बहुधा पैसे परत मिळतात, कारण वजावटी वर्षभराच्या आणि इथला पगार काही महिन्यांचाच. नोकरीसाठी हललात त्याचा खर्च कंपनीने दिला नसेल तर तोही दाखवता येतो. त्यासाठी विमानतिकिटं, सामानाचं बिल, घर बघायला केलेल्या प्रवासाची तिकिटं, सगळं पहिल्या दिवसापासून एका फाइलमध्ये टाकत जा. आमची फाइल म्हणजे बिस्किटांचा पत्र्याचा डबा होता, आणि त्यात विमानतळावरून शहरात येतानाचं एस-बानचं तिकीट अजून आहे.